जुन्या शिलाई मशीनचा बिडाचा स्टँड : टेबल, बेसिन आणि काय करू नये

कृष्णाकाठ (सांगली)

पायडलच्या मशीनच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) स्टँडबद्दल या मंचावर सारखी विचारणा होते आणि उत्तरं चार धाग्यांत विखुरलेली आहेत. म्हणून सगळं एका जागी मांडतोय. जाणकारांनी भर घालावी, चुकीचं दिसलं तर सरळ खोडावं.

आधी एक. मशीनचं डोकं (शिवणारा वरचा भाग) चालू असेल आणि फळी धड असेल तर मशीन मोडू नका. लोडशेडिंगच्या गावात पायडलला अजून गिऱ्हाईक आहे. पट्टा, सुया, बॉबिन आजही मशीनच्या दुकानात मिळतात. टेबल करायचं ते डोकं कायमचं गेलेल्या नाहीतर फळी कुजलेल्या मशीनचं.

डोकं काढताना पट्टा आधी उतरवा आणि डोकं मागे कलंडवा. मागच्या कडेला दोन बिजागऱ्यांचे खुंट मशीनच्या बैठकीतल्या भोकांत गेलेले दिसतील. प्रत्येक खुंटाला खालून एक स्क्रू असतो. ते दोन्ही ढिले केले की डोकं वर निघतं. धरायला दुसरा माणूस हवाच, कारण स्क्रू सुटल्याक्षणी सगळा भार एका हातावर येतो.

उरलेला स्टँड म्हणजे दोन बाजूंचे नक्षीचे पाय, मागे त्यांना जोडणारी फुली, खाली पायडलचा आडवा दांडा आणि उजव्या अंगाला मोठं चाक. सगळं नट-बोल्टवर. फळी उतरवली की हा सांगाडा डुलतो, कारण त्याला ताठ ठेवणारी वरची बाजू फळीच असते. पायांच्या भोकांत काही न कसता वर नुसती काच ठेवली तर ते टेबल कायम हलत राहणार. इंटरनेटवरच्या फोटोंत ते हलणं दिसत नाही.

मापं : पूर्ण आकाराच्या डोक्यासाठी फळीतलं भोक १४.५ x ७ इंच. फळी साधारण ३ फूट लांब, दीड फूट रुंद. फळीसकट उंची अडीच फुटांच्या अल्याडपल्याड. सिंगर, उषा आणि लुधियानाकडचे स्टँड यांच्यात थोडाथोडा फरक असतो, तेव्हा टेप लावूनच बोला. काय करता येईल हे या उंचीवरच ठरतं. लिहायचं टेबल, भिंतीलगतचं कन्सोल, बेसिन हे जमतं. बाक किंवा सोफ्यापुढचा टीपॉय जमत नाही, त्यांना १७-१८ इंच लागतात. पाय कापून बुटका करण्याचा विचार डोक्यातून काढा. पायडलचा आधार आणि खालची जोडणी नेमकी त्याच भागात असते.

ओतकाम (कुपवाड)

छान सुरुवात. बिडाचं मी लिहितो.

बीड दाबाला पक्कं, ताणाला आणि फटक्याला कच्चं. गंजलेला बोल्ट निघत नाही म्हणून हातोडी घातली की बोल्ट जागेवर राहतो आणि कान (बोल्टच्या भोकाचा बिडाचा भाग) तुटून हातात येतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी परत मारा. पाना लावल्यावर आधी किंचित आवळा, मग सोडा. त्यानं गंजाची पकड तुटते. तरी नाही निघाला तर नटापुरती ब्लोलॅम्पची हलकी आच द्या. त्यानंही नाही, तर सरळ ग्राइंडरनं बोल्टचं डोकं उडवा. बोल्ट चार रुपयांचा, कान मिळत नाही.

जुन्या स्टँडला बहुतेक इंची आटे असतात. पाव इंची भोकात एम-६ (६ मिमीचा बोल्ट) ढिला बसतो. ५/१६ च्या आट्यात एम-८ दोन फेरे जातो आणि अडकतो. तिथे जोर केलात की बिडातले आटे गेले. हार्डवेअरवाल्याकडे जाताना जुना बोल्ट खिशात घेऊन जा.

चीर किंवा तुटका पाय : साध्या वेल्डिंगच्या रॉडनं बीड जोडायला देऊ नका. टाका धरल्यासारखा दिसतो, पण त्याच्या शेजारची पट्टी काचेसारखी कडक होते आणि गार होताना तिथेच नवी चीर जाते. रीत अशी. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग निकेल रॉडनं एकेक इंचाचे टाके, प्रत्येक टाक्यानंतर थांबा, शेवटी राखेत नाहीतर कोरड्या वाळूत पुरून सावकाश गार होऊ द्या. दुसरा पर्याय गॅसवर पितळी डाग, टाकणखार लावून. टेबलापुरतं विचाराल तर मला तिसरा बरा वाटतो : मागून ३ मिमीची लोखंडी पट्टी आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन ५ मिमीचे बोल्ट. पुढून दिसत नाही आणि उष्णतेची भानगड नाही. बिडाला भोक पाडताना तेल घालू नका, कोरडंच पाडा, ड्रिल सावकाश फिरवा.

एक पाय हरवला म्हणून दुसऱ्यावरून नवा ओतून घ्यायचा विचार कुणी करत असेल तर थांबा. बीड गार होताना सुमारे एक टक्का आकसतं. २८ इंची पायावरून थेट साचा केला तर नवा पाय पाव इंचापेक्षा जास्त बुटका निघतो आणि फुलीची भोकंही जुळत नाहीत. ओतणाऱ्याला आधी सांगा, म्हणजे तो नमुन्याला खालून भर देईल आणि भोकं नंतर पाडेल. कुपवाड, पलूस, कोल्हापूर या पट्ट्यात फाउंड्र्या ढीगभर आहेत, पण एका नगासाठी साचा धरायला सगळे तयार होत नाहीत. भंगारात जोडीचा पाय शोधणं बऱ्याचदा स्वस्त पडतं.

शिवणताई (तासगाव)

ओतकामदादा, गंज आणि रंगाचंही लिहा ना. लोक सरळ टॉयलेटचं अ‍ॅसिड ओततात.

ओतकाम (कुपवाड)

ताई, अ‍ॅसिड अजिबात नको. बिडाच्या बारीक छिद्रांत ते मुरतं आणि वरून रंग दिल्यावर सहा महिन्यांत आतून फोड येतात.

आधी ठरवा, रंग काढायचाच आहे का? सिंगरच्या कित्येक जुन्या स्टँडवरचा काळा लेप अजून शाबूत असतो, वर फक्त तेल आणि धुळीचा थर. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं, मग साबणाचं पाणी, लगेच कोरडं करणं आणि हलकं मेण. बास. असा स्टँड रंगवणं म्हणजे नासाडी.

रंग सोलपटला असेल तर कोरडा घासू नका. त्या काळच्या रंगांत शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. पेंट रिमूव्हर लावून ओला खरवडा, किंवा पाणी मारत वॉटर पेपरनं घासा. मास्क लावा, पोरं लांब ठेवा, खरवडलेला गाळ वर्तमानपत्रात गोळा करा, अंगणात धुऊन सोडू नका.

गंज नक्षीत खोलवर असेल तर तारेचा ब्रश पोचत नाही. तिथे विजेची रीत चांगली. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, दर पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर. निगेटिव्ह टोक पायाला, पॉझिटिव्ह भंगार लोखंडाच्या पत्र्याला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. पत्रा स्टेनलेस स्टीलचा चालणार नाही, त्यातलं क्रोमियम विषारी होऊन पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको, आणि चार्जर बंद केल्याशिवाय पिंपात हात घालू नका. बाहेर काढल्यावर धुवा, उन्हात नाहीतर हेअर ड्रायरनं खणखणीत वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. दुसऱ्या दिवसावर टाकलंत की तांबूस साय परत आलीच.

पुढे रेड ऑक्साइडचा एक हात आणि काळ्या इनॅमलचे दोन पातळ हात. जाड एक हात दिला तर नक्षीच्या खाचा बुजतात.

पावडर कोटिंग करणाऱ्यांसाठी : भट्टी १८०-२०० अंशांना जाते. बिडात मुरलेलं तेल त्या उष्णतेत बाहेर येतं आणि कोटिंगवर पिनांनी टोचल्यागत भोकं पडतात. कोटिंगवाल्याला नुसता स्टँड एकदा भट्टीतून तापवून घ्यायला सांगा, मग पावडर. आणि जुनी लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर ती आधी खरवडून काढा, ती तिथे टिकत नाही.

यवतेश्वर (सातारा)

वरच्या फळ्याच्या (टेबलटॉपच्या) मापावर कुणी बोलत नाही. हौसेनं चार फुटी, पाच फुटी फळा टाकतात आणि टोकाला भार आला की पलीकडची बाजू उचलते.

हिशेब सोपा आहे. समजा स्टँड आणि फळा मिळून ४० किलो. दोन पाय एकमेकांपासून २४ इंचांवर, म्हणजे मध्यापासून १२ इंच. फळा ४८ इंची, म्हणजे पायाच्या पुढे १२ इंच मोकळा. टोकावर ४० किलो आले की टेबल उलटणार. मोठं माणूस टोकावर नुसतं बसलं तरी तेवढं होतं. फळा ४२ इंची केलात तर पुढे ९ इंचच राहतात आणि उलटायला ५३ किलो लागतात. घरात लहान पोरं लटकणारी असतील तर ४२ च्या पुढे जाऊ नका, किंवा मागून भिंतीला दोन एल-पट्ट्या मारा. आपापल्या स्टँडची मापं घालून हाच हिशेब करा.

रुंदीला सहसा अडचण येत नाही. २० ते २२ इंचांपर्यंत बिनधास्त. दोन फूट केलंत तर मागची बाजू भिंतीला टेकवूनच ठेवा.

रंधा (मिरज)

फळ्याचं माझ्याकडे.

जुनी फळी सागवानी असेल तर ती ठेवा. भोक बुजवण्यासाठी १८ मिमी प्लायचा तुकडा घ्या, भोकापेक्षा चारही बाजूंनी १ मिमी लहान. भोकाच्या आतल्या कडेला खालून १२ x १२ मिमीची पट्टी चारही बाजूंनी मारा आणि तुकडा तिच्यावर बसवा. पट्टी फळीच्या वरच्या पातळीपासून नेमकी तुकड्याच्या जाडीइतकी खाली हवी, म्हणून आधी तुकडा तयार करा, मग पट्टी मारा. उलटं केलंत तर तुकडा वर तरी राहतो नाहीतर खाली तरी. तुकडा फेविकॉलनं डकवू नका. नुसता ठेवा, बोट घालायला एक अर्धगोल खाच ठेवा. खाली उथळ खोका बसवला की चार्जर, वायरी, पेनं आत जातात. भोक सजावटीच्या पुट्टीनं भरणारे लोक पाहिलेत. पुट्टी पहिल्याच पावसाळ्यात कडेनं सुटते.

नवा फळा करायचा तर तीन गोष्टी. एक, लाकडाचा दाणा (रेषा) लांबीच्या दिशेनं. दोन, तीन-चार फळ्या जोडून करा, एकच रुंद पाट घेऊ नका, तो वाकतो. तीन, लाकडाला रुंदीत हलायला जागा द्या. दीड फूट रुंद सागवान उन्हाळा आणि पावसाळा यांच्यात २ ते ४ मिमी कमी-जास्त होतं. आटपाडी-जतच्या कोरड्या हवेत केलेला फळा महाबळेश्वर-पाचगणीला नेलात तर याहूनही जास्त फुगेल. चारही स्क्रू करकचून बसवले तर एकतर फळा मधून फाटतो नाहीतर सांधा उघडतो. पुढची दोन भोकं घट्ट ठेवा. मागची दोन गोल कानशीनं पुढे-मागे लांबट करा, मोठा वायसर घाला आणि स्क्रू आवळून मग पाव फेरा सोडा.

स्क्रूची लांबी मोजून घ्या. १८ मिमीचा फळा, बिडाचा कान ५-६ मिमी. २० मिमीचा स्क्रू घेतला तर लाकडात १४ मिमी जातो, बरोबर. २५ चा घेतला तर तो वरून टोक काढायला बघतो. दरवर्षी काढ-घाल होणार असेल तर लाकडात पितळी आट्याची बुशिंग बसवा आणि बोल्ट वापरा.

प्लाय वापरायचं तर १८ मिमी, आयएस ७१० चा (मरीन प्लायचा) शिक्का बघून. कडेला सागाची लिपिंग (कड झाकणारी पट्टी) मारा, उघडी कड ठेवू नका.

वाईकर

रंधाकाका, पॉलिशचं काय? मिरजेत सतारीला लाखेचं पॉलिश करतात, तसंच टेबलाला केलं तर?

रंधा (मिरज)

दिसायला त्यासारखं दुसरं नाही. पण सतारीवर कुणी चहाचा कप ठेवत नाही. लाखेच्या पॉलिशवर गरम भांडं ठेवलं की पांढरा डाग, पाणी रात्रभर साचलं तरी पांढरा डाग, आणि सॅनिटायझर सांडलं तर पॉलिशच विरघळतं. कन्सोल टेबलाला, जिथे फुलदाणी आणि फोटो एवढंच असतं, तिथे जरूर करा. अभ्यासाच्या टेबलाला मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश.

जुन्या फळीवर आधी काय आहे ते ओळखायला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून खालच्या बाजूला कोपऱ्यात दाबा. चिकट होऊन बोळ्याला तांबूस रंग लागला तर लाख. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं मऊ झालं तर लॅकर. लाख असेल तर सगळं घासून काढायची गरज नसते, स्पिरिटनं धुवून वर नवे हात देता येतात. घासायचंच असेल तर १२० नंबर, मग २२०, मग ३२०, नेहमी दाण्याच्या दिशेनं. जुन्या फळ्यांना वरचा सागाचा पापुद्रा कागदाइतका असतो. ८० नंबरचा पेपर आणि मशीन लावलंत तर दोन मिनिटांत खालचं लाकूड दिसतं.

उकळलेलं अळशीचं तेल वापरणाऱ्यांना एक सूचना. त्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतं. दोरीवर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा.

शिवणताई (तासगाव)

पायडल आणि चाकाबद्दल माझे दोन शब्द. ज्याला टेबल हवंय त्यानं पायडल काढायची गरज नाही, पण ते मोकळंही ठेवू नका. पायडल, दांडा आणि चाक जोडलेलेच राहिले तर खाली बसलेल्याचा पाय लागून चाक फिरतं आणि लहान मुलाचं बोट चाकाच्या आऱ्यांमध्ये अडकतं. हा धोका खरा आहे, घरात रांगतं मूल असेल तर याकडे आधी बघा.

पायडल आणि चाक यांना जोडणारा उभा दांडा (लाकडाचा नाहीतर लोखंडी) वरच्या टोकाला एका स्क्रूवर असतो. तो सोडून दांडा काढा आणि कापडात गुंडाळून फळीच्या खाली बांधून ठेवा. पुढे कुणाला परत मशीन करायचं झालं तर तेवढाच तुकडा शोधत बसायला लागतो. मग चाक मागच्या फुलीला दोन ठिकाणी केबल-टायनं बांधा, टोकं कापून आतल्या बाजूला वळवा.

पायडल दोन बाजूंच्या टोकदार स्क्रूंवर तोललेलं असतं. लोक तेच स्क्रू आवळून पायडल जाम करतात. तसं करू नका, जास्त आवळलं की बिडाचा आधार चिरतो. त्याऐवजी पायडलच्या पुढच्या आणि मागच्या कडेखाली जमिनीपर्यंत लाकडाची ठोकळी द्या, खाली रबर. पायडल सपाट राहतं आणि पाय ठेवायची जागाही होते. लिहायच्या टेबलाला हीच सोय मला सगळ्यात जास्त आवडते. मात्र खुर्ची हाताशिवायची घ्या, हातांची खुर्ची दोन पायांच्या मधे जात नाही.

नळदुरुस्ती (कराड)

बेसिनवाल्यांनी ऐका. हा स्टँड बेसिनला उंचीला चांगला का बसतो? कारण टेबलावर ठेवायचं बेसिन ५-६ इंच उंच असतं. स्टँड २८, फळा १, बेसिन ५ ते ६ इंच, कड आली ३४-३५ ला. मोठ्या माणसाला अगदी बरोबर. खाली बसवायचं बेसिन घेतलंत तर कड ३० च्या आत राहते आणि तोंड धुताना कंबर मोडते.

अडचण पाइपची. बेसिन नेमकं मधे ठेवलं तर खालचा बॉटल ट्रॅप (सांडपाण्याच्या पाइपचा बाटलीसारखा भाग) आणि मागची फुली एकमेकांत अडकतात, आणि उजवीकडे सरकवलं तर चाक आडवं येतं. म्हणून बेसिन मध्यापासून ३-४ इंच डावीकडे घ्या. फळ्याला भोक पाडण्याआधी ट्रॅप हातात धरून खाली लावून बघा. वेस्टचा ३२ मिमी पाइप भिंतीत जिथे जातो ती उंचीही फुलीच्या पट्टीच्या वर किंवा खाली येईल अशी ठरवा. फुली कापायची नाही, ती काढली की स्टँड डुललाच.

फळा इथे सागवानाचा नको, ग्रॅनाइट नाहीतर आयएस ७१० प्लायवर सनमायका. ग्रॅनाइट १८ मिमीचं, चौरस फुटाला साधारण साडेचार किलो. साडेतीन बाय दीड फुटाचा तुकडा म्हणजे चोवीस किलोच्या आसपास. बिडाला भारी नाही. पण ग्रॅनाइट थेट बिडाच्या कानांवर टेकवू नका. चार कान कधीच एका पातळीत नसतात, तीन टेकतात आणि चौथ्यावर दगडाला ताण येतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोऱ्या ताणून बांधा. मधे दोऱ्या एकमेकींना जेमतेम शिवल्या तर पातळी बरोबर. नाहीतर खाली पत्र्याचे वायसर घालून जुळवा. मग १८ मिमी प्लाय स्टँडला स्क्रूनं कसा आणि त्यावर सिलिकॉनचे गोळे देऊन ग्रॅनाइट बसवा. स्टँडला ताठ ठेवायचं काम तो प्लाय करतो.

रंग इथे साधा इनॅमल टिकत नाही. इपॉक्सी प्रायमर आणि पीयूचे दोन हात. पायाच्या टोकांखाली ६ मिमी नायलॉनचा तुकडा डकवा, ओल्या फरशीला बीड टेकता कामा नये. छोटी चाकं असतील तर काढून टाका. बाथरूममध्ये चाकावरचं बेसिन म्हणजे पाइपच्या सांध्याला रोज हिसका.

यवतेश्वर (सातारा)

+१. आणि भिंतीला दोन पट्ट्या मारायला विसरू नका. बेसिनवर लोक झुकतात, कधी कधी चक्क टेकून उभे राहतात.

काचेचा फळा करणाऱ्यांसाठी जाता जाता : १० मिमी टफन्ड काच चौरस मीटरला २५ किलो. टफन झाल्यावर तिला ना कापता येतं ना भोक पाडता येतं, त्यामुळे मापं, कोपऱ्याची गोलाई, वायरीचं भोक सगळं ऑर्डर देतानाच सांगा. खाली फळी ठेवाच, किंवा दोन पायांच्या वरून लोखंडी चौकट कसून घ्या. नुसत्या काचेनं स्टँड ताठ राहत नाही हे वर आलंच आहे.

वाईकर

पुरात भिजलेल्या मशीनचं काय करायचं? सांगलीच्या एका पाहुण्यांकडे २०१९ च्या पुरातलं मशीन तसंच पडून आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

२०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांतले असे स्टँड गावभागापासून हरिपूरपर्यंत अजून निघतात. बिडाला पाण्यानं काही होत नाही, वरचा गंज जातो. खरा त्रास गाळाचा. चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि पायडलच्या टोकदार स्क्रूंमध्ये बारीक गाळ घट्ट बसून दगड झालेला असतो. जोर करून फिरवू नका. रॉकेलमध्ये दोन दिवस भिजू द्या, ब्रशनं काढा, परत भिजवा. बेअरिंग उघडता येत असेल तर गोळ्या धुऊन नवं ग्रीस भरा. फक्त टेबलच करायचं असेल तर चाक जाम असणं उलट सोयीचं.

फळीचं : प्लायची असेल आणि थर सुटले असतील तर टाकून द्या, डकवून उपयोग नाही, आतला गोंद मेलेला असतो. सागवानी असेल तर वाचते. गाळ धुवा, सावलीत आडव्या पट्ट्यांवर ठेवा म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा लागेल, उन्हात ठेवू नका. पूर्ण सुकल्याशिवाय घासू नका. इतक्या वर्षांनी ती सुकलेलीच असणार, पण तळाशी बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसतो का ते बघा. दिसला तर भुंगा आहे. भोकाभोकांत इंजेक्शनच्या सुईनं वाळवीचं औषध सोडा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर बाजूला ठेवा, मग घरात आणा. ड्रॉवरही तसेच तपासा. भुंगा बहुतेक ड्रॉवरच्या तळाच्या पातळ फळीतच असतो.

वाईकर

ड्रॉवर चांगले आहेत, पण पावसाळ्यात अडकतात.

रंधा (मिरज)

कडा रंधायची घाई करू नका. पावसाळ्यात रंधून मोकळा केलेला ड्रॉवर उन्हाळ्यात खुळखुळतो. आधी सरकपट्टीवर आणि ड्रॉवरच्या खालच्या कडेवर साधी मेणबत्ती घासा. बहुतेकदा तेवढ्यानं काम होतं. नाहीच झालं तर मार्च-एप्रिलमध्ये, लाकूड सगळ्यात कोरडं असताना, चमकलेल्या जागा बघून तेवढ्याच ठिकाणी एक-दोन छिलके काढा.

शिवणताई (तासगाव)

कुणी वर कडप्पा टाकलाय का? ग्रॅनाइटपेक्षा स्वस्त पडतो आणि काळ्या बिडावर शोभतो.

नळदुरुस्ती (कराड)

ताई, बाहेरच्या ओट्याला, कुंड्यांना, तुळशीपाशी ठेवायला कडप्पा झकास. बेसिनला किंवा जेवायच्या टेबलाला नको. कडप्पा चुनखडीच्या जातीचा दगड. लिंबू, चिंच, कोकम सांडलं की तिथला चकाकीचा भाग उडून पांढुरका डाग पडतो, आणि बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड तर त्याला खातंच. टाकायचाच असेल तर एक इंची जाड घ्या, खाली प्लाय द्या आणि पुढची कड पॉलिशवाल्याकडून गोल करून घ्या. पातळ कडप्पा वाहतानाच थरांत सुटतो, तेव्हा टेम्पोत आडवा न ठेवता उभा, कडेवर ठेवून आणा.